दोन काळे चिमटे

११ जानेवारी

भाऊजी,

फोन करायचा नाही, सगळं लिहून कळवायचं, असा तुमचा हुकूम आहे म्हणून लिहिते. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो, हेही खरंच आहे म्हणा.

लिफ्ट पुन्हा बंद पडली. या खेपेला चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई अडकल्या. वर त्यांचा पेशंट खुर्चीत आ वासून बसलेला आणि खाली बाई लिफ्टमध्ये दार बडवतायत. मेकॅनिक आला, स्विच बंद केला, चालू केला, "आता चालेल" म्हणाला आणि निघाला. तो स्वतः जिन्यानं उतरला. मी दारातून बघत होते.

ज्या कंपनीनं ही लिफ्ट बनवली ती कधीच बुडाली. नवी बसवायची तर सगळ्या बिऱ्हाडांच्या सह्या लागतात आणि तळमजल्यावरचे म्हणतात, आम्हाला लिफ्ट काय करायचीय? तुमचे दादा कमिटीचे सेक्रेटरी, म्हणजे शिव्या खायची जागा. त्यांनी घरात फर्मान काढलंय, दोष सापडेपर्यंत आईंनी लिफ्टमध्ये पाऊल टाकायचं नाही. आईंचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. पाच मजले जिना त्यांना जन्मात जमायचा नाही. खुर्चीवरून उचलून न्यायला त्या तयार नाहीत, म्हणजे त्या घरात कोंडल्याच.

एवढ्यावर भागलं असतं तर त्यांनी कुरकुर केली नसती. पण मावशींचा मुलगा मावशींना कायमचं स्वतःकडे घेऊन चाललाय. मार्च संपता संपता. इतक्या लांब, की पुन्हा भेट होईल असं दोघी बहिणींनाही वाटत नाही. मावशी राहतात दोन गल्ल्या सोडून, पण त्यांनाही जिना चढवत नाही, आणि कान पार गेल्यामुळे फोनचा उपयोग शून्य. आई दुपारभर खिडकीत बसतात आणि त्यांच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी बघतात.

तारांवरचं बोलणं वाचायचं सॉफ्टवेअर तुम्ही लिहिता ना? मग आमच्या लिफ्टच्या तारा वाचा. मार्चच्या आत.

वहिनी


१४ जानेवारी

वहिनी,

आधी माझं रडगाणं ऐक, मग लिफ्टचं सांगतो.

हे सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे. कोणीही फुकट घ्यावं, आतली कळ न् कळ उघडून बघावी, चुकलं असेल तर सुधारून परत द्यावं, अशी कल्पना. लोक घेतात. परत देत कोणी नाही. आज सकाळी एकानं लिहिलं, "चालत नाही." संपलं. काय चालत नाही, कुठल्या यंत्रावर, कधीपासून, अक्षर नाही. त्याच्याखाली दुसऱ्यानं लिहिलंय, "माझंही." तिसऱ्यानं मला आळशी म्हटलंय. दिवसभर कारखान्यात मान मोडायची आणि घरी येऊन या पाहुण्यांची सरबराई करायची. हे सगळं गुंडाळून कुणाच्या तरी गळ्यात मारावं असं रोज वाटतं. घ्यायला कोणी तयार नाही म्हणून मी आहे.

आता लिफ्ट. गच्चीवरच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्यात एक मोठं कार्ड आहे, ते मोटर चालवतं. शेजारी एक छोटं कार्ड, ते लिफ्टच्या डब्याशी बोलतं. ही दोन कार्डं बारीक तारांवर सतत एकमेकांना सांगत असतात, दार लागलं, तिसरा आला, चल, थांब. त्यात कुठेतरी गडबड होते आणि मोठं कार्ड घाबरून लिफ्ट जागच्या जागी उभी करतं.

लॉजिक अ‍ॅनालायझर म्हणजे काड्यापेटीएवढी डबी. तिला रंगीत तारा आणि प्रत्येक तारेच्या टोकाला चिमटा. चिमटा लावला की त्या तारेवर वीज कधी आली, कधी गेली ते लॅपटॉपवर रेघांमध्ये उमटतं. त्या रेघांची अक्षरं जो करतो तो डीकोडर. या लिफ्टचा डीकोडर जगात कोणाकडे नाही, कारण कंपनीनं आपली भाषा कोणाला न सांगताच मान टाकली. मी लिहीन. पण मला रेघा हव्यात, आणि लिफ्ट अडकते त्या क्षणाच्या हव्यात.

डबी पाठवतोय. तू रक्ततपासणीच्या लॅबमध्ये दिवसभर यंत्रांशी झटापट करतेस म्हणून हे काम तुझ्याकडे, दादाकडे नाही. कपाटाच्या वरच्या भागात मोटरची वीज आहे. तिथे बोटसुद्धा न्यायचं नाही. चिमटे लावताना मेन स्विच बंद.

तुझा दीर


३ फेब्रुवारी

भाऊजी,

डबी मिळाली. खोलीची किल्ली आमच्याच खुंटीवर असते, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. तुमचे दादा मात्र टॉर्च धरून पाठीशी उभे आणि तोंडानं अखंड चालू, "काहीतरी जळेल, काहीतरी जळेल." शेवटी मी म्हटलं, मीच जळतेय, तुम्ही खाली जा.

डबीसोबतच्या तुमच्या चिठ्ठीप्रमाणे पांढरा, पिवळा, हिरवा चिमटा तारांना आणि काळा चिमटा मोठ्या कार्डाला लावला. माझा जुना लॅपटॉप तिथेच ठेवून दिलाय. लिफ्ट दोनदा अडकली, दोन्ही वेळा टिपलं गेलं. सोबत पडद्याचे फोटो जोडलेत. फाइलीही जोडल्यात.

आई रोज विचारतात, "बारक्यानं काही कळवलं का?" मी म्हणते, काम चालू आहे. त्या म्हणतात, "त्याचं काम नेहमीच चालू असतं."

वहिनी


४ फेब्रुवारी

वहिनी,

पडद्याचे फोटो! अगं, जगभरचे लोक मला हेच पाठवतात, मोबाइलवर काढलेले, वाकडे, वर बल्बचा उजेड. त्यातून मी काय वाचू? माझ्या सॉफ्टवेअरच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय की फोटो पाठवू नका. ते पान कोणी वाचत नाही आणि घरचेसुद्धा वाचत नाहीत, हे आज कळलं.

फाइली उघडल्या. मोठ्या कार्डाच्या रेघा ठीक आहेत. छोट्या कार्डाकडून येणाऱ्या रेघा म्हणजे नुसता कचरा, वेड्यावाकड्या, मध्येच तुटक, मध्येच कुसळं. मी रात्रभर त्या कचऱ्याला अर्थ लावत बसलो आणि मग डोक्यात प्रकाश पडला. डबीला काळे चिमटे दोन आहेत! एक मोठ्या कार्डाला आणि एक छोट्या कार्डाला लावायचा. काळा म्हणजे ग्राउंड. वीज किती उंच आहे हे कुठून मोजायचं, ती जमीन. छोट्या कार्डाची जमीनच तू डबीला दिली नाहीस, मग तिनं मोजायचं कुठून?

त्या फाइली फेकून दे. दोन्ही काळे लावून नव्यानं टिप.

तुझा दीर


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

फोटोबद्दल जे बोललात ते मी गिळलं. कचरा म्हणालात तेही गिळलं. दोन काळे चिमटे लावायचे हे तुमच्या पत्रात किंवा चिठ्ठीत कुठेच नव्हतं, हे मात्र सांगून ठेवते. पत्र मी परत वाचलं. वाचते मी.

दुसरा काळा लावला, छोट्या कार्डाच्या कोपऱ्यातल्या स्क्रूला. आता नवाच वैताग. तेव्हापासून लिफ्ट एकदाही अडकलेली नाही! सकाळ, दुपार, शाळेची पोरं, सामानाचे हमाल, सगळे झरझर वरखाली. मी कामावरून आले की आधी गच्चीवर जाते, लॅपटॉप बघते आणि खाली येते. टिपायला दोषच नाही. दंतवैद्यबाई म्हणाल्या, "तुमच्या दिरानं जादू केली वाटतं." मी म्हटलं, त्यानं फक्त मला झापलंय.

मग आई म्हणाल्या, "चालतेय ना? मग न्या मला." रास्त बोलल्या. पण तुमचे दादा अडून बसलेत, दोष सापडला नाही म्हणजे दोष आहे. मला ते पटतंय आणि नाहीही. तुम्ही काय म्हणता ते कळवा, कारण तुमचं ते ऐकतील.

वहिनी


२३ फेब्रुवारी

वहिनी,

या बाबतीत दादा बरोबर आहे. हे मी वर्षातून एकदाच म्हणतो, त्याला वाचून दाखव. आपोआप बरा झालेला दोष आपोआप परत येतो. आईला अजून नेऊ नका. मला एक झटका टिपू दे, मग बघू.

दरम्यान नवीन फाइलींतल्या रेघा बघून डोळे निवले. स्वच्छ! अक्षरं सुटायला लागलीत. मजला कुठल्या आकड्यानं सांगतात, दाराचा निरोप कुठला, सगळं हळूहळू लागतंय. इकडे एका गृहस्थानं तक्रार केलीय की माझ्या खिडकीतल्या रेघांचा निळा रंग त्याला आवडत नाही. रंग बदलायची सोय आहे. त्याला तीही आवडत नाही.

तुझा दीर


६ मार्च

वहिनी,

झाला! डीकोडर झाला. तुझी फाइल उघडली की रेघांखाली ओळीनं येतं, "दार बंद", "दुसरा", "तिसरा", "थांब". त्या मेलेल्या कंपनीनं जे कोणाला सांगितलं नाही ते आता कोणीही फुकट वाचू शकेल. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी माझं अभिनंदनही केलं, म्हणजे दोघांनी.

तू पाठवलेल्या सगळ्या फाइली त्यातून काढल्या. एकही निरोप चुकलेला नाही. एकही! कार्डं ठणठणीत आहेत, तारा ठणठणीत आहेत. माझा निष्कर्ष असा की चिमटे लावताना तुझा हात लागून कुठेतरी अडकलेलं काहीतरी निघालं आणि दोष खरोखर गेला. दादाला सांग, आता माझ्याकडे पुरावा आहे.

चिमटे काढ, लॅपटॉप घरी आण, कपाट बंद कर. आणि आईला मावशीकडे ने. उद्याच ने.

तुझा दीर


१२ मार्च

भाऊजी,

लिफ्ट परत बंद पडली. आई ठीक आहेत.

डबी पार्सलनं परत पाठवतेय. तिचे चिमटे मोजून घ्या.

वहिनी


१४ मार्च

वहिनी,

एवढंसं पत्र? आणि डबी परत? मला कळलं काय झालं ते. दादानं भुणभुण लावली असणार, "बघ, तुझ्या दिराचं खेळणं, काही उपयोग झाला नाही." आणि तू मान डोलावलीस. मी इथे महिने घालवले, कारखान्यातून आल्यावर जेवणसुद्धा रेघा बघत उरकलं, आणि पहिल्या धक्क्याला तुम्ही डबी पार्सलात घातलीत! मग त्या "चालत नाही" लिहिणाऱ्यात आणि तुझ्यात काय फरक? लिफ्ट कधी बंद पडली, कुठल्या मजल्यावर, वर जाताना की खाली येताना, एक अक्षर नाही.

मावशी जायला आता कितीसे दिवस उरलेत? आईला नेलंत की नाही?

तुझा दीर


१७ मार्च

भाऊजी,

विचारताय ना, मग ऐका. आईंनी तुम्हाला सांगू नको म्हणून बजावलं होतं. मी आता ते पाळणार नाही.

तुमचं पत्र आलं, मी चिमटे काढले. दुसऱ्या दिवशी आई आवरून बसल्या. ठेवणीतले कपडे काढले, केस मला विंचरायला लावले. मावशींना ऐकू येत नाही म्हणून काय काय सांगायचं ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. दोघी लिफ्टमध्ये शिरलो. तिसऱ्याच्या खाली आणि दुसऱ्याच्या वर गचका बसला आणि ती थांबली. दिवा गेला. लिफ्टमधला पंखा थांबला.

आईंनी माझा हात धरला, तो सोडलाच नाही. ओरडल्या नाहीत. मीच ओरडत होते. मेकॅनिकचा पत्ता नाही. तो आला तेव्हा वरच्या मजल्याचं दार उघडलं, तिथून फटीतून हात घालून तुमच्या दादांनी आणि त्या मेकॅनिकनं आईंना वर ओढलं, स्टुलावर उभं करून, काखेत हात घालून, गोणी ओढावी तशी. दंतवैद्यबाई, सामानाचे हमाल, शाळेची पोरं, सगळे बघत होते. आईंचे गुडघे दोन्ही फुटले. संध्याकाळी एवढंच म्हणाल्या, "मला त्यात परत घालू नका. मेल्यावर न्या त्यातून, तेव्हा मी तक्रार करणार नाही."

आता मला बोलू द्या. एवढे दिवस लिफ्ट घड्याळासारखी चालत होती, तेव्हा तुम्ही दोघा भावांनी मिळून आईंना अडवलंत. आणि ज्या दिवशी न्यायला नको होतं त्या दिवशी तुम्ही "पुरावा आहे" म्हणून न्यायला लावलंत. माझा राग तुमच्यावर आहे, यांच्यावर आहे आणि माझ्यावरही आहे. वर मला "चालत नाही"वाल्यांत बसवता! तुमची ती डबी लावली तोवर लिफ्ट चालली, डबी काढली आणि बंद पडली. तुमचे दादा म्हणतात लिफ्टमध्ये भूत आहे आणि त्याला डबी आवडते. मला काय कळायचं? आता तुम्हीच सांगा.

वहिनी


१८ मार्च

वहिनी,

तुझं पत्र कारखान्यात वाचलं आणि तसाच बाहेर येऊन जिन्यात बसलो. आईला गोणीसारखं. माझ्या सांगण्यावरून.

तुझी माफी मागतो, पण ती मागून गुडघे भरून येणार नाहीत, म्हणून कामाचं लिहितो. "डबी लावली तोवर चालली, डबी काढली आणि बंद पडली." हे वाचलं आणि तुझी पहिली फाइल परत उघडली. भूत नाही. मी गाढव आहे.

छोट्या आणि मोठ्या कार्डाची जमीन एक असावी लागते. त्यासाठी कपाटात दोघांच्या मध्ये एक साधी काळी तार असते. ती कुठेतरी तुटत आलीय किंवा सैल झालीय. लिफ्ट हादरली की ती सुटते, छोट्या कार्डाचे निरोप विस्कटतात, लिफ्ट थांबते. तू पहिल्यांदा एकच काळा चिमटा लावलास तेव्हा जो कचरा आला, तो कचरा नव्हता, तो दोष होता! तू तो पहिल्याच फटक्यात टिपून मला पाठवलास आणि मी म्हटलं, फेकून दे. मग मी तुला दुसरा काळा चिमटा छोट्या कार्डाला लावायला सांगितला. दोन्ही काळे चिमटे डबीच्या आत एकमेकांना जोडलेले असतात. म्हणजे तुटक्या तारेची जागा माझ्या डबीनं घेतली. लिफ्ट माझ्या चिमट्यांवर चालत होती, आणि मी ती स्वच्छ अक्षरं वाचून स्वतःची पाठ थोपटत होतो.

रेघा खराब आल्या की आधी मोजणाऱ्यावर संशय घ्यायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. निम्म्या तक्रारींना मी तेच उत्तर देतो, तुमचा काळा चिमटा नीट लावा.

मेकॅनिकला एवढंच सांग, दोन कार्डांमधली काळी तार दोन्ही टोकांनी काढून बघ. स्विच चालूबंद करू नको म्हणावं.

तुझा दीर


२५ मार्च

भाऊजी,

सापडली. तारेच्या टोकाला जी पितळी टोपी असते ती आतून काळी पडलेली, वरून दिसायला झकास. मेकॅनिकनं नुसतं बोट लावलं आणि तार हातात आली. मग नवीन जाड तार दोन्हीकडे आवळून बसवली आणि या वेळी तो लिफ्टनं उतरला. मी मुद्दाम दारात थांबले होते.

तेव्हापासून आम्ही लिफ्टला दम घेऊ दिलेला नाही. तुमचे दादा स्वतः वरखाली करतायत, हातात भरलेल्या पाण्याच्या बादल्या घेऊन, मध्येच उड्या मारतात. बाकीचे लोक जिन्यानं जातात, कारण लिफ्ट रिकामीच नसते.

आणि आई येत नाहीत. लिफ्टच्या दारापर्यंत येतात, आत बघतात आणि मागे फिरतात. मी समजावलं, यांनी समजावलं, दंतवैद्यबाईंनी समजावलं, मेकॅनिक बिचारा स्वतः वर येऊन समजावून गेला. तुमचं तारेचं पत्र मी वाचून दाखवलं. म्हणाल्या, "मागच्या वेळीही तो असंच खात्रीनं लिहीत होता."

मावशी रविवारी सकाळी निघतायत. त्यांना इथवर उचलून आणायचं म्हटलं तर त्यांचा मुलगा सामानात गुंतलाय. मावशी लिफ्टनं वर येऊ शकतील, असं त्याला सांगितलं, तर म्हणतो, "ज्या लिफ्टमध्ये तुमच्या आई बसत नाहीत, तिच्यात मी माझ्या आईला बसवू?" मी हात टेकले.

वहिनी


२६ मार्च

आई,

हे पत्र वहिनी तुला वाचून दाखवेल. माझं मागचं "पुरावा आहे" खोटं निघालं. या वेळी पुरावा नाही म्हणत, फक्त ती तार मेकॅनिकच्या हातात सुटून आली हे वहिनीनं डोळ्यांनी पाहिलंय, एवढंच म्हणतो. मी तिथे असतो तर आधी मी बसलो असतो आणि तू दारात उभी राहून बघितलं असतंस. मी तिथे नाही. मला इथे बसून फक्त लिहिता येतं आणि त्याचा मला आज संताप आलाय.

माझ्यावर रागाव, पण मावशीला भेट.

बारक्या


२९ मार्च

बारक्या,

मी सांगतेय आणि वहिनी टाइप करतेय. तिला सांगितलंय, माझ्या तोंडचं बदलायचं नाही आणि शुद्धलेखन तिचं तिनं बघावं.

तुझं पत्र ऐकलं. रागावले वगैरे नाही. पण मला त्या डब्यात पाऊल टाकवत नव्हतं, त्याला मी काय करू? डोळे मिटले की गचका बसायचा. तुम्ही सगळे तार तार करत होतात, तार मला पटली होती. पायांना पटत नव्हती.

काल शनिवार. वहिनी कामावर. दादा खाली, कमिटीची बैठक होती, लिफ्ट पास झाली असं लिहून सगळ्यांनी सह्या करायच्या म्हणून. घरात मी एकटी. मी दार ओढून घेतलं, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले आणि बसल्या बसल्या खाली सरकायला लागले. लहान मूल उतरतं तसं. गुडघ्यांना काही करायचंच नव्हतं, सगळा भार बसायच्या जागेवर. चौथ्या मजल्यावरची दंतवैद्यबाई दारात आली आणि किंचाळली. मी म्हटलं, ओरडू नका, पाणी द्या. पाणी पिऊन पुढे निघाले. खाली पोचले तेव्हा दादा उभा राहून सांगत होता की लिफ्ट पूर्ण सुरक्षित आहे, आणि मी त्याच्या मागून पायऱ्यांवरून घसरत आले. पुढचं त्याचं भाषण बुडालं. (आई हसतायत म्हणून थांबले होते. वहिनी.)

दादानं गाडी आणून मला अक्काकडे, तुझ्या मावशीकडे सोडलं. अक्का तळमजल्याच्या खोलीत बांधलेल्या खोक्यांमध्ये बसली होती. मला बघून म्हणाली, "लिफ्ट झाली का?" मी नाही म्हटलं, ते तिला ऐकू आलं नाही. मी लिहिलेला कागद घरीच राहिला होता. मग आम्ही नुसत्या बसलो. तिनं माझे केस नीट केले. माझे कपडे जिन्याच्या धुळीनं भरलेले होते, ती झटकत बसली आणि एवढी धूळ कशी लागली ते विचारत राहिली. मी काय ओरडून सांगणार?

संध्याकाळी निघाले तर म्हणाली, मीही येते, शेवटची रात्र तुझ्याकडे झोपते. तिच्या मुलानं नाही नाही म्हणून पाहिलं. ती ऐकते कुठे? ऐकूच येत नाही.

आता आमच्या दारात आलो. उतरताना सरकत आले होते, चढणार कशी? दादा म्हणाला, खुर्चीवर बसवून उचलतो, दोन माणसं आणतो. आमची ही चर्चा चालली होती तेवढ्यात अक्का सरळ चालत लिफ्टमध्ये जाऊन उभी राहिली. तिला काय माहीत त्या दिवशी काय झालं ते? तिला वाटलं, लिफ्ट आहे, बसायचं. आतून मला हात करतेय, ये की. आणि दार लागायला लागलं.

बारक्या, ती एकटी वर गेली असती. मध्ये अडकली असती तर तिला बाहेरून आम्ही काय ओरडतोय तेही कळलं नसतं, अंधारात उभी राहिली असती बिचारी. मी काही विचार केला नाही. हात घालून दार अडवलं आणि आत शिरले. दादा मागून घुसला. वर येईस्तोवर मी अक्काचा हात इतका आवळला होता की ती म्हणाली, "दुखतंय गं." मी लिफ्टला घाबरतेय हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला वाटलं, ती जाणार म्हणून मी रडतेय. तेही खरं होतं.

रात्री दोघी एकाच पलंगावर झोपलो. तिला ऐकू येत नाही तरी मी सगळं सांगितलं.

आज सकाळी मी तिला घेऊन लिफ्टनं खाली गेले आणि गाडीत बसवलं. गाडी वळणावर दिसेनाशी झाली. वहिनी आणि दादा तिथेच तिच्या मुलाच्या उरलेल्या खोक्यांचं काय करायचं ते बोलत उभे राहिले. मला थांबवेना. मी आत आले, बटण दाबलं आणि लिफ्टनं एकटीच वर आले.

आई